टोपीवाला बोका आणि मुलाचा कंटाळा : ‘द कॅट इन द हॅट’ या चित्रपुस्तकाचा पुनर्विचार

प्रस्तावना

बालसाहित्याच्या समीक्षेत भीती, मत्सर, एकटेपणा, वियोग अशा भावनांना प्रतिष्ठा आहे. कंटाळ्याला ती नाही. मुलाला कंटाळा आला की तो घालवायचा, एवढाच विचार घरात आणि शाळेत केला जातो. चित्रपुस्तकांकडेही पुष्कळदा त्या कंटाळ्यावरचा उपाय म्हणून पाहिले जाते. परंतु एखादे चित्रपुस्तक कंटाळ्यालाच आपला विषय करते, तेव्हा ते या भावनेविषयी काय म्हणते, हा प्रश्न समीक्षेने विचारायला हवा. प्रस्तुत लेखात डॉ. स्यूस या टोपणनावाने लिहिणाऱ्या थिओडोर स्यूस गाइझेल (१९०४-१९९१) यांच्या ‘द कॅट इन द हॅट’ (१९५७) या पुस्तकाचा त्या दृष्टीने विचार केला आहे. तुलनेसाठी मायकेल इयन ब्लॅक यांचे लेखन आणि डेबी रिडपाथ ओही यांची चित्रे असलेले ‘आय अॅम बोअर्ड’ (२०१२) हे अलीकडचे पुस्तक घेतले आहे.

‘द कॅट इन द हॅट’ हे बालकाच्या कल्पनाशक्तीचे आणि बंडखोरीचे पुस्तक आहे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हे मत तपासून पाहण्याजोगे आहे. पुस्तकातील कल्पनाशक्ती बोक्याची आहे. मुले शेवटच्या काही पानांपर्यंत केवळ प्रेक्षक राहतात. बाहेरून आलेल्या करमणुकीने कंटाळा जातो, परंतु मूल मोकळे होत नाही, ही गोष्ट हे पुस्तक विनोदाच्या मार्गाने दाखवते. त्याचे मोल प्रामुख्याने या जाणिवेत आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

कंटाळ्याविरुद्ध लिहिलेले पुस्तक

या पुस्तकाचा जन्मच एका कंटाळ्यातून झाला, आणि तो कंटाळा शाळेतला होता. अमेरिकेत १९३० नंतरच्या काळात स्कॉट, फोर्समन या प्रकाशनसंस्थेची ‘डिक अँड जेन’ ही वाचनमाला शाळाशाळांतून वापरली जात असे. थोडे शब्द घ्यावेत आणि त्यांची पुनरावृत्ती करीत मुलाला शब्द ओळखायला लावावे, हे तिचे तंत्र होते. कादंबरीकार जॉन हर्सी यांनी १९५४ साली ‘लाइफ’ या साप्ताहिकात लिहिलेल्या लेखात अशा वाचनमालांवर टीका केली. त्यांतील मुले अनैसर्गिक वाटावीत इतकी स्वच्छ आणि शहाणी असतात, चित्रे बेचव असतात आणि त्यामुळे मुलांना वाचावेसेच वाटत नाही, असा त्यांचा रोख होता. चांगली चित्रे कोण काढू शकेल हे सांगताना त्यांनी ज्या चित्रकारांची नावे घेतली, त्यांत डॉ. स्यूस हेही होते. पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, रुडॉल्फ फ्लेश यांचे ‘व्हाय जॉनी कान्ट रीड’ प्रसिद्ध झाले आणि वाचनशिक्षणाचा वाद सार्वजनिक झाला. हॉटन मिफ्लिन या संस्थेच्या शैक्षणिक विभागाचे विल्यम स्पॉल्डिंग यांनी स्यूस यांना मर्यादित शब्दांची यादी दिली आणि पहिलीतल्या मुलाला खाली ठेवता येणार नाही असे पुस्तक मागितले. शाळांसाठीची आवृत्ती हॉटन मिफ्लिनने काढली, तर सर्वसाधारण बाजारातली आवृत्ती रँडम हाउसने काढली. मुलांनी आणि पालकांनी ती दुसरी आवृत्ती अधिक उचलून धरली.

पुस्तकात केवळ २३६ वेगवेगळे शब्द आहेत. त्यांपैकी २२१ एकावयवी, १४ द्व्यवयवी आणि फक्त एक शब्द तीन अवयवांचा आहे. ही आकडेवारी अनेकदा कौतुकाने सांगितली जाते. परंतु तिचा साहित्यिक अर्थ क्वचितच उलगडून दाखवला जातो. शब्द कमी म्हणजे पुनरावृत्ती अटळ. वाचनमालेतही पुनरावृत्ती होती. तेथे ती शिकवण्याचे साधन होती आणि तिचा परिणाम कंटाळा हा होता. स्यूस यांनी याच साधनाला आशयाचे रूप दिले. सुरुवातीला बाहेर थंड पाऊस पडतो आहे, बाहेर जाता येत नाही, आई घरात नाही आणि भाऊबहीण खिडकीशी बसून आहेत. येथे बसण्याचे एकच क्रियापद लागोपाठ चार वेळा येते. वाचायला शिकणारे मूल हा शब्द चार वेळा वाचते, म्हणजे त्याचा सराव होतो. त्याच वेळी वेळ पुढे सरकत नसल्याचा अनुभवही त्याला त्या शब्दातूनच मिळतो. शिक्षणशास्त्राची अट आणि कलेची गरज या ठिकाणी एकरूप झाली आहे. पुढे बोका आला की तीच पुनरावृत्ती वेग घेते. प्रत्येक पानावर एक वस्तू वाढते, आधीच्या सगळ्या वस्तूंची यादी पुन्हा येते आणि पंक्तीची लय धावू लागते. कंटाळा आणि करमणूक या दोन्ही अवस्था एकाच तंत्रातून निर्माण करणे हे या पुस्तकाचे खरे भाषिक यश आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गात इंग्रजी आल्यानंतर मर्यादित शब्दांच्या पुस्तकांचा प्रश्न आपल्याही शिक्षकांसमोर आहे. शब्दमर्यादा आणि रसहीनता यांचे नाते अपरिहार्य नसते, हे त्यांच्यासाठी या पुस्तकातून स्पष्ट होते.

शब्द आणि चित्र यांतील विसंगती

पेरी नोडलमन यांनी ‘वर्ड्स अबाउट पिक्चर्स’ (१९८८) या ग्रंथात चित्रपुस्तकातील शब्द आणि चित्र एकमेकांना मर्यादा घालतात आणि त्यातून उपरोध निर्माण होतो, असे मांडले आहे. या पुस्तकातील विनोद बव्हंशी अशाच उपरोधावर उभा आहे. बोका शब्दांतून निर्धास्तपणाची ग्वाही देतो. घाबरायचे कारण नाही, आईची हरकत असणार नाही, असे तो सांगतो. चित्रात मात्र तो चेंडूवर उभा आहे आणि त्याच्या हातापायांवर, डोक्यावर, शेपटीवर माशाचे भांडे, पेला, छत्री, पुस्तके, केक, दंताळे, खेळण्यातले जहाज अशा वस्तू तोलून धरलेल्या आहेत. वाचणाऱ्या मुलाला शब्दांपेक्षा चित्र अधिक खरे बोलते आहे हे चटकन कळते. बोका पडणार हे त्याला माहीत असते. बोक्याला मात्र ते माहीत नसते, किंवा माहीत असूनही तो तसे दाखवत नाही. मोठ्यांच्या आश्वासनांपेक्षा आपल्याला अधिक दिसते, हा मुलाच्या आनंदाचा एक जुना झरा आहे.

आंरी बर्गसाँ यांनी हास्यावरील आपल्या १९०० सालच्या प्रबंधात विनोदाची मुळे मुलांच्या खेळण्यांत शोधली आहेत. झाकण उघडताच उसळून वर येणारी बाहुली आणि उतारावरून गडगडत मोठा होत जाणारा बर्फाचा गोळा ही त्यांची दोन उदाहरणे. स्यूस यांच्या कथेची रचना नेमकी या दोन आकृत्यांची आहे. पूर्वार्धात वस्तूंचा ढीग वाढत जाऊन कोसळतो, हा गडगडणारा गोळा. उत्तरार्धात बोका लाल पेटी आणतो आणि तिच्यातून ‘थिंग वन’ व ‘थिंग टू’ हे दोन प्राणी उसळून बाहेर येतात, ही पेटीतली बाहुली. त्यांना नावाऐवजी क्रमांक आहेत, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. ते घरात पतंग उडवतात, भिंतींवर आदळतात आणि आईचा ठिपक्यांचा नवा झगा पतंगाच्या दोरीला लावतात. त्यांच्या हालचालीत ऊर्जा आहे, परंतु हेतू नाही. बर्गसाँ यांच्या परिभाषेत ही सजीवावर चढलेली यांत्रिकता होय. वाचक हसतो, तरी पान उलटताना त्याला धास्तीही वाटते. काळा, लाल आणि फिकट निळा एवढेच रंग वापरल्यामुळे घराचे निर्जीव रेखाटन आणि बोक्याचा लालभडक टाय यांतील विरोध सुरुवातीपासूनच ठळक आहे. लाल रंग बोक्याबरोबर घरात पसरत जातो.

प्रेक्षक झालेली मुले

आता मुख्य मुद्द्याकडे वळता येईल. या गोंधळात मुले काय करतात? बोका खेळ करतो, मासा विरोध करतो आणि मुले पाहत राहतात. सॅली या बहिणीच्या तोंडी संपूर्ण पुस्तकात एकही स्वतंत्र वाक्य नाही. भाऊ कथन करतो, परंतु घटनेच्या वेळी तोही बहुतांश गप्प असतो. पाहुण्याला काय म्हणावे हे दोघांना समजत नाही, असे तो स्वतःच सांगतो. बोका त्यांना विचारून खेळ सुरू करीत नाही आणि खेळात त्यांना भूमिकाही देत नाही. सुरुवातीला ती खिडकीबाहेरच्या पावसाकडे पाहत बसली होती, आता बोक्याकडे पाहत आहेत. पाहण्याचा विषय बदलला आहे, त्यांची स्थिती बदललेली नाही.

बोका हे मुलांच्याच कल्पनेचे रूप आहे, असे यावर म्हणता येईल. परंतु त्याच काळातील दोन पुस्तकांशी तुलना केली असता हा युक्तिवाद कमकुवत ठरतो. क्रॉकेट जॉन्सन यांच्या ‘हॅरॉल्ड अँड द पर्पल क्रेयॉन’ (१९५५) मध्ये हॅरॉल्ड आपल्या खडूने स्वतःचे जग स्वतः रेखाटतो. मॉरिस सेन्डाक यांच्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ (१९६३) मध्ये मॅक्सच्या खोलीत जंगल उगवते ते त्याच्या रागातून, आणि तो त्या राक्षसांचा राजा होतो. या दोन्ही ठिकाणी चित्रेच कल्पनेचा उगम मुलामध्ये दाखवतात. स्यूस यांच्या पुस्तकात असा एकही संकेत नाही. मोठा आवाज होतो, दार उघडते आणि बोका आत येतो.

मासा हा या नाट्यातील दुसरा प्रौढ आवाज. आई घरात नसताना परक्याने येथे थांबू नये, असे तो बजावतो. त्याला केवळ नीतीचा पुतळा समजणे अन्यायाचे होईल. त्याची भीती खरी आहे, कारण खेळात फेकला जातो तो तोच. एकीकडे करमणूक करणारा आणि दुसरीकडे निषेध करणारा असे दोन बोलके प्राणी मुलांच्या डोक्यावरून वाद घालतात. मुलांना काय हवे हे दोघांपैकी कोणीही विचारत नाही.

परिस्थिती पालटते ती आई येत असल्याचे मासा सांगतो तेव्हा. मुलगा जाळे आणतो, दोन्ही ‘थिंग्ज’ना पकडतो आणि बोक्याला आपले ऐकण्यास सांगतो. संपूर्ण पुस्तकातील त्याची ही पहिली स्वतंत्र कृती. मात्र विस्कटलेले घर आवरणे त्याच्या शक्तीबाहेरचे आहे. बोका परत येतो आणि एका यंत्राने सारे क्षणात जागच्या जागी ठेवतो. हा शेवट सोयीचा आहे, हे मान्य करावे लागेल. कृतीचे परिणाम पुसून टाकणारी ही युक्ती मुलाच्या नव्या कर्तेपणालाही काही अंशी पुसून टाकते. तथापि लेखक तेथे थांबत नाही. आई दारात येते. चित्रात तिचे पाऊल दिसते, चेहरा दिसत नाही. दिवसभर काय केले असे ती विचारते, आणि निवेदक तोच प्रश्न वाचकाकडे वळवतो. आईला सांगितले की नाही, हे पुस्तक सांगत नाही. परंतु कथा सांगितली गेली आहे, ती आपण वाचली आहे. सुरुवातीला नुसते बसून असलेल्या मुलाजवळ आता सांगण्यासारखे काही आहे आणि ते सांगावे की नाही हे तो ठरवणार आहे. त्याच्या मोकळेपणाची सुरुवात या निर्णयात आहे.

कंटाळा येणे आणि कंटाळा करणे

या ठिकाणी मराठी भाषेचा एक विशेष उपयोगी पडतो. इंग्रजीत कंटाळलेला माणूस वाक्याचा कर्ता असतो. मराठीत आपल्याला कंटाळा ‘येतो’. तो पाहुण्यासारखा बाहेरून येतो आणि ज्याला येतो ती व्यक्ती चतुर्थीत, म्हणजे स्वीकारणाऱ्याच्या जागी असते. याच शब्दाचा दुसरा प्रयोग ‘कंटाळा करणे’ हा आहे. येथे व्यक्ती कर्ता होते आणि तिच्यावर आळसाचा दोष येतो. मूल म्हणते, मला कंटाळा आला. मोठी माणसे म्हणतात, कंटाळा करू नकोस. मुलाने अवस्था सांगितलेली असते, उत्तर मात्र वर्तनाविषयीच्या उपदेशाचे मिळते. ‘दासबोधा’तील आळसाच्या निंदेची परंपरा आपल्या मनात इतकी खोल रुजली आहे, की या दोन प्रयोगांमधला फरक आपण सहसा लक्षात घेत नाही.

ब्रिटिश मनोविश्लेषक अॅडम फिलिप्स यांनी १९९३ च्या निबंधसंग्रहात मुलाच्या कंटाळ्यावर स्वतंत्र लेख लिहिला आहे. कंटाळलेले मूल रिकामे नसते, ते कशाची तरी वाट पाहत असते आणि आपल्याला काय हवे आहे याचा शोध त्याला लागायचा असतो, असा त्यांच्या मांडणीचा आशय आहे. मुलाने सदैव कशात तरी रस घ्यावा ही मोठ्यांची अपेक्षा त्यांना जाचक वाटते. या दृष्टीने पाहिले तर बोका आणि मासा हे दोघे मिळून मोठ्यांच्या दोन सवयी दाखवतात. एक कंटाळा आल्याबरोबर तो भरून काढण्यास धावतो, दुसरा मुलाला शिस्तीची आठवण करून देतो. वाट पाहण्याला अवकाश कोणीच देत नाही.

बटाट्याचा कंटाळा

५५ वर्षांनंतरच्या ‘आय अॅम बोअर्ड’ या पुस्तकात परिस्थितीची नेमकी उलटापालट झालेली दिसते. एका मुलीला अतोनात कंटाळा आला आहे. तिला एक बटाटा भेटतो, आणि मुले फार कंटाळवाणी असतात असे तो जाहीर करतो. मुलगी हे ऐकून घेत नाही. मुले काय काय करू शकतात हे दाखवण्यासाठी ती अंगाच्या कसरती करते, कल्पनेची झेप घेते. बटाटा ढिम्म हलत नाही. ओही यांनी चित्रांत पार्श्वभूमी जवळजवळ ठेवलेली नाही. मोकळ्या पांढऱ्या पानावर एक धडपडणारी मुलगी आणि एक स्थिर बटाटा आहे. रिकामे पान हेच येथे कंटाळ्याचे चित्र आहे आणि मुलीच्या करामती त्याच रिकाम्या जागेत मावतात.

विनोदाचे तत्त्व येथे बर्गसाँच्या नेमके उलट आहे. सजीव यांत्रिक होत नाही, तर निर्जीव वस्तू सजीवाची परीक्षक होते. बटाट्यासारखी नीरस वस्तू एखाद्या चैतन्यपूर्ण मुलीला कंटाळवाणी ठरवते, ही विसंगती लहान वाचकालाही चटकन कळते. दोन पुस्तकांतील फरक लक्षणीय आहे. बोका सर्व काही स्वतः करतो, म्हणून मुलांना करण्यासारखे काही उरत नाही. बटाटा काहीच करीत नाही, म्हणून मुलीला करावे लागते. आपला कंटाळा ती केव्हाच विसरली आहे, हे तिच्या लक्षातही येत नाही. कंटाळ्यावरचा उपाय म्हणून बटाटा बोक्याहून सरस आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

मात्र या स्वातंत्र्याला एक बोचरी कडा आहे. मुलगी खेळते ती स्वतःच्या आनंदासाठी नाही, तर प्रसन्न न होणाऱ्या परीक्षकासमोर स्वतःला सिद्ध करण्यासाठी. १९५७ च्या पुस्तकातले मूल प्रेक्षक आहे, २०१२ च्या पुस्तकातले मूल कलाकार आहे. स्पर्धा, छंदवर्ग आणि सादरीकरण यांनी भरलेल्या आजच्या बालपणाशी ही दुसरी प्रतिमा जुळते. दोन पुस्तकांवरून दोन काळांविषयी निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल, परंतु प्रश्न उपस्थित करण्यास ती पुरेशी आहेत.

एक आक्षेप

‘द कॅट इन द हॅट’वरील अलीकडच्या एका महत्त्वाच्या आक्षेपाची दखल घेणे आवश्यक आहे. फिलिप नेल यांनी २०१७ च्या आपल्या ग्रंथात बोक्याच्या रूपामागे अमेरिकेतील ‘मिन्स्ट्रल’ खेळांचा, म्हणजे चेहरा काळा करून कृष्णवर्णीयांची टिंगल करणाऱ्या रंगमंचीय परंपरेचा प्रभाव असल्याचे दाखवले आहे. पांढरे हातमोजे, टोपी, ठळक टाय आणि गोऱ्या कुटुंबात येऊन करमणूक करण्याची भूमिका हे त्यांचे काही आधार आहेत. २०२१ मध्ये स्यूस यांचे वाङ्मयीन हक्क सांभाळणाऱ्या संस्थेने वर्णद्वेषी चित्रणामुळे त्यांची सहा पुस्तके छापणे थांबवले. त्यांत या पुस्तकाचा समावेश नाही, तथापि प्रश्न शिल्लक राहतो.

या आक्षेपामुळे प्रस्तुत विवेचन बाधित होत नाही. उलट त्याला एक सामाजिक परिमाण मिळते. कोणाचा कंटाळा घालवण्यासाठी कोणाला नाचावे लागते, हा प्रश्न त्यातून पुढे येतो. डोंबारी, गारुडी, बहुरूपी यांच्या जातिबद्ध कलांचा इतिहास ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला तो परका वाटू नये. खेळ संपल्यावर बोका खिन्न चेहऱ्याने निघून जातो. ते चित्र या जाणिवेने पाहिले की पुस्तकातील हास्य थोडे अवघड होते, आणि ते तसे होणे योग्यच आहे.

समारोप

‘द कॅट इन द हॅट’ हे कल्पनाशक्तीचा विजय सांगणारे पुस्तक आहे, या रूढ मताला वरील विवेचनातून मर्यादा पडते. शब्दांची पुनरावृत्ती, वस्तूंचा वाढता ढीग, चित्र आणि शब्द यांतील विसंगती या साधनांनी ते कंटाळ्याचा आणि करमणुकीचा अनुभव उभा करते. दोन्हींत मूल सारखेच निष्क्रिय असू शकते, हे ते हसत हसत सुचवते. सॅलीचे मौन आणि आवराआवर करणारे यंत्र हे त्याचे उणे भाग होत. परंतु शेवटचा प्रश्न वाचकाकडे सोपवून ते आपली बाजू सावरते. ‘आय अॅम बोअर्ड’ मूल कृतिशील करते, मात्र त्याला परीक्षकाच्या स्वाधीन करते.

ज्या मुलाला काही काळ कोणी रिझवत नाही आणि कोणी जोखतही नाही, ते मूल या दोन्ही पुस्तकांत नाही. विनोदी चित्रपुस्तकाला अशा मुलाचे चित्र काढणे अवघड असावे, कारण त्या अवस्थेत बाहेरून पाहण्यासारखे फार थोडे घडते. महाविद्यालयीन पातळीवर बालसाहित्य शिकवताना या पुस्तकांचा उपयोग केवळ मनोरंजक वाचनाचे नमुने म्हणून होऊ नये. मुलाच्या रिकाम्या वेळेविषयी प्रौढांना जी अस्वस्थता वाटते, तिचे दस्तऐवज म्हणूनही ती विद्यार्थ्यांसमोर ठेवावीत.